वत्सलाताई आणि वच्छलाबाई

माणसाचं नाव चुकवलं की तो दुखावतो, हे मला माझ्या पहिल्याच कार्यक्रमात कळलं. नाव घेता घेताच माणसाचा अपमान करता येतो, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली. त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहायला बसले आहे आणि लिहितानाही कानशिलं तापताहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी चालेल.

मी सूत्रसंचालन करते. करत होते, म्हणायला हवं. बुलढाण्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत उद्घाटनं, सत्कार, स्नेहसंमेलनं, पतसंस्थांचे वर्धापन दिन, शोकसभा, असं काही उरलं नाही जिथं मी माईक धरला नाही. लोकांना वाटतं, या कामाला गोड आवाज लागतो आणि चार शेर पाठ असले की भागतं. शेर मी कधी म्हटले नाहीत. हे काम नावांचं आहे. कार्यक्रमाआधी अर्धा तास जायचं, प्रत्येक पाहुण्याला त्याचं नाव त्याच्याच तोंडून विचारायचं आणि तो म्हणतो तसंच माईकवर म्हणायचं. कोणाच्या आधी कोण, कोणाला 'साहेब', कोणाला 'भाऊ' आणि कोणाला नुसतं 'श्री', यावरून इथं वर्षानुवर्षांचे अबोले झालेले मी पाहिलेत. कार्यक्रम रंगात आला की स्टेजमागून चिठ्ठ्या यायला लागतात. "ताई, आमच्या भाऊचं नाव राह्यलं." भाऊ तिसऱ्या रांगेत आढ्याकडे बघत बसलेले, पण कान माझ्याकडे. नाव घेतलं की मगच त्यांचा चहा घशाखाली उतरतो.

त्यातून आपला जिल्हा शेगावचा. इथं गजानन किती असतील याचा बाहेरच्याला अंदाज येणार नाही. बीबीकडच्या एका गावात वाचनालयाचं उद्घाटन होतं. मी म्हटलं, "दीपप्रज्वलनासाठी माननीय गजाननभाऊंना विनंती करते." तीन गजाननभाऊ उठले. एक सरपंच, एक माजी सरपंच, एक बाजार समितीतले. तिघंही समईपाशी पोचले आणि एकही मागं फिरेना. एका मेणबत्तीवर तीन हात.

सरपंच म्हणाले, "मॅडमनं माहं नाव घेतलं."

माजी सरपंच म्हणाले, "माननीय कोनाले म्हनतेत ते तं पाहा आधी!"

मेणबत्ती मात्र तिसऱ्यांनीच सगळ्यात घट्ट धरली होती. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हटलं, "समईला पाच वाती आहेत, गजाननभाऊ तीनच आहेत. गावानं अजून दोन पाठवले तरी चालतील." गाव खो खो हसलं, तिघांनी एकेक वात लावली आणि निभावलं.

हा किस्सा मी कित्येक वर्षं गंमत म्हणून सांगितला. आता तो आठवला की राग येतो. त्या तिघांपैकी एकाचाही मान कमी पडू नये म्हणून अख्खा मांडव श्वास रोखून बसला होता. एका नावाची तीन माणसं असली तर तिघांचाही मान कसा राखायचा, हे आपल्या लोकांना छान जमतं. मनात असलं तर.

वच्छलाबाईंच्या वेळी ते कोणाच्या मनात नव्हतं.

त्यांना मी पहिल्यांदा ऐकलं ते देऊळघाटला. या कामात मी तेव्हा अगदी नवीन होते. मोठी सभा होती, माणसं लांबलांबून आलेली, आणि माझं प्रास्ताविक चालू असतानाच वीज गेली. माईक मुका. माईकवाचून सूत्रसंचालकाला कोण विचारतो? मी हातात मेलेला माईक घेऊन उभी, आणि माणसं उठून चालू लागलेली. तेवढ्यात बाजूला बसलेली एक पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी राहिली आणि तिनं सरळ गाणं सुरू केलं. माईक नाही, ढोलकी नाही. तो आवाज पार मागच्या रस्त्यापर्यंत गेला. निघालेली माणसं थांबली, वळली, परत येऊन बसली. वीज येईपर्यंत ती गात होती आणि वीज आल्यावर मला म्हणाली, "घे वं, आता तुहं चालू कर."

ती वच्छलाबाई. दिवसा दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची आणि संध्याकाळी विहारात गायची. बुद्धाची गाणी, बाबासाहेबांची गाणी, त्यांतली कित्येक तिनं स्वतः बांधलेली. या जिल्ह्यातलं असं गाव नसेल जिथं ती एसटीनं पेटी मांडीवर घेऊन गेली नाही. एकेकाळी तिच्या कॅसेट पानटपऱ्यांवर वाजायच्या. पुढं तिनं गावातल्या पोरींना गाणं शिकवलं, त्यांतल्या काही आज स्वतःचे कार्यक्रम करतात. आता ती सत्तरीच्या पुढं आहे आणि आवाज थोडा खरखरीत झालाय, पण चढायचा तिथं चढतो.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. शहरातल्या एका मंडळाचे सचिव, निवृत्त प्राध्यापक नंदकिशोर सर, यांचा मला फोन आला. महिला दिनाला काहीतरी वेगळं करायचं होतं. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. जिल्ह्यात एकाच नावाच्या पण वेगवेगळ्या क्षेत्रांत नाव कमावलेल्या बायकांचा एकत्र सत्कार करायचा. जिल्हा परिषदेत मोठ्या पदावर राहिलेल्या वत्सलाताई तर होत्याच. दुसऱ्या डॉक्टर वत्सला, ज्यांच्या दवाखान्यात अर्ध्या बुलढाण्याचा जन्म झाला. "तिसरी वत्सला सुचवा ना, मंगलताई," सर म्हणाले.

मी एका क्षणात म्हटलं, "वत्सला किसन हिवाळे. आपल्या वच्छलाबाई."

"वा! कलाक्षेत्र झालं. राजकारण, आरोग्य, कला. उत्तम! तुम्हीच निमंत्रण द्या, तुमची ओळख आहे."

मी देऊळघाटला गेले. वच्छलाबाई अंगणात पोरींना घेऊन बसली होती. मी निमंत्रण सांगितलं तर तिनं आधी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"गायले बलावून राह्यली का सत्काराले? नीट सांग."

"सत्काराला. पुऱ्या नावानं. स्टेजवर खुर्ची, शाल, मानपत्र, सगळं."

"मंग मी पेटी आनत नाही."

"नका आणू."

"पाह्य बरं! सत्तर वर्सांत पेटी सोडून मी कोन्या मांडवात गेली नाही." असं म्हणून ती लाजली. इतक्या गावांसमोर गायलेली बाई पदर तोंडाशी धरून लाजली, हे मी पाहिलंय. म्हणूनच पुढचं मला विसरता येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ती नवं पांढरं लुगडं नेसून आली, सोबत मुलगी प्रज्ञा, जी तिकडेच अंगणवाडीत काम करते. मी नेहमीप्रमाणे आधी पोचले होते आणि स्टेज पाहून घेतलं होतं. तीन सत्कारमूर्तींच्या खुर्च्या होत्या. एकीवर वत्सलाताईंचं नाव, एकीवर डॉक्टरांचं आणि तिसरीवर वत्सलावहिनी. या वत्सलावहिनी म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांच्या थोरल्या भावजय. भल्या बाई आहेत, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण त्यांच्या परिचयात लिहिलं काय होतं, तर 'संसार आणि समाजकार्य यांचा सुरेख मेळ'. स्टेजच्या खाली एका बाजूला सतरंजी अंथरलेली, तिच्यावर कुठून तरी आणलेली पेटी आणि ढोलकी. माझ्या हातात दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिलीच ओळ होती: स्वागतगीत, वच्छलाबाई आणि संच.

मी सरांना पडद्यामागं गाठलं.

"सर, हे काय? वच्छलाबाई सत्काराला आल्यात."

"मंगलताई, समजून घ्या. ऐनवेळी अध्यक्षांनी नाव सुचवलं. स्टेजवर जागा नाही."

"खुर्ची मी उचलून आणते."

"प्रश्न खुर्चीचा नाही."

"मग कशाचा आहे?"

सर इकडं तिकडं पाहू लागले. मग आवाज खाली आणून, माझ्या भल्यासाठी सांगावं तसं म्हणाले, "अहो, त्यांचा सत्कार आपण एप्रिलमध्ये करू ना. जयंतीच्या कार्यक्रमात. तिथं शोभून दिसेल."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. शिकलेला, सभ्य, कधी कोणाला वावगं न बोलणारा माणूस. त्यांना आपण काय बोललो ते कळलंही नव्हतं. म्हणजे वत्सलाताई सगळ्या जिल्ह्याच्या, डॉक्टर सगळ्या जिल्ह्याच्या, आणि ज्या बाईच्या गाण्यानं हा जिल्हा डोलला ती फक्त तिच्या लोकांची, तिच्या महिन्याची! वर्षातले बाकीचे महिने आपले, एप्रिल तेवढा त्यांचा. आणि हे 'शोभून' म्हणून सांगायचं!

"आणि त्या गातीलच की," सर पुढं म्हणाले. "कलावंताला गाण्यातच सन्मान असतो."

"मग वत्सलाताईंना भाषणातच सन्मान का नाही? त्यांना शाल कशाला?"

सर म्हणाले, "तुम्ही विषय वाढवताय." हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय. आधी कोणीतरी माणसाला खाली बसवतं, आणि तो का खाली बसला असं विचारणारा विषय वाढवतो.

वच्छलाबाई तोवर पहिल्या रांगेत येऊन बसली होती. एक स्वयंसेवक तिला सतरंजीकडे चला म्हणून सांगत होता आणि ती त्याच्याकडे न कळल्यासारखी बघत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि जसं घडलं तसं सांगितलं. एप्रिलचंही सांगितलं. लपवून काय करायचं होतं?

प्रज्ञा उठली. "चाल माय, घरी जाऊ."

"बस," वच्छलाबाई म्हणाली. मग मला म्हणाली, "एप्रिलात मले टाइम नसते. एप्रिलात मी गावोगाव गात असतो, सत्कार कवा घिऊ?" आणि मग, "तुले माईकवर जे बोलाचं ते बोल. पन माह्यासाठी भीक मागू नको."

कार्यक्रम सुरू झाला. अध्यक्ष बसले, वत्सलाताई आल्या, टाळ्या झाल्या. मी पत्रिका बाजूला ठेवली आणि म्हटलं, "आजच्या सत्काराचं निमंत्रण ज्या तीन वत्सलांना गेलं होतं, त्यांतल्या एक समोर बसल्या आहेत. हजारो गाणी गायलेल्या, कित्येक मुलींच्या गुरू, श्रीमती वत्सला किसन हिवाळे. त्यांना व्यासपीठावर येण्याची मी आदरपूर्वक विनंती करते."

मागच्या रांगांतून टाळ्या आल्या, पुढच्या रांगा थंड. नंदकिशोर सर पडद्याआडून हात हलवत होते. वच्छलाबाई उठली आणि सावकाश पायऱ्या चढून वर आली. वर आल्यावर मात्र बसायला जागा नव्हती. ती स्टेजच्या मधोमध उभी. अध्यक्ष पाण्याचा ग्लास उचलून पाणी पिऊ लागले. डॉक्टर गोंधळून आजूबाजूला पाहू लागल्या. आणि वत्सलाताईंनी, निवडणुकांतून आलेल्या सवयीनं, प्रसंग सावरायला समोरचा माईक ओढून घेतला.

"ये गं वच्छला, ये! म्हण एखादं छानसं."

वत्सलाताई वच्छलाबाईपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. ज्या नावानं त्यांना स्वतःला कोणी 'ताई' लावल्याशिवाय हाक मारत नाही, त्याच नावाला त्यांनी एकेरीत हाक मारली, आणि तीही प्रेमानं. त्या प्रेमाचाच मला जास्त संताप आला.

वच्छलाबाईनं माझ्या हातातला माईक घेतला. आवाज चढवला नाही.

"ताई, तुमचं नाव वत्सला, अन् माहंबी वत्सलाच. माह्या बापानं हौसेनं ठेवलं. शाळेत मास्तरनं वच्छी म्हनलं. वावरात मालकिनीनं वच्छे म्हनलं. कॅसेटवाल्यानं वच्छलाबाई छापलं. मी म्हनलं, म्हनू द्या, आपलं गानं तं चालू हाय ना! मंग ही मंगल घरी आली. म्हने, तुहा सत्कार हाय, पुऱ्या नावानं. म्हनून मी आली. गायले बलावलं असतं तं मी जीव लावून गायली असती, गान्याची मले लाज नाही. पन सत्काराले बलावता अन् खाली गायले बसवता, हे काई बरोबर नाही. मी आज गात नाही."

माईक तिनं माझ्या हातात ठेवला, आणि चढली तशीच सावकाश उतरली. प्रज्ञा तिच्या पिशवीसह दारापाशी उभी होती. सभागृहात कोणी हललं नाही. नंदकिशोर सर पुढं येऊन मला हळूच म्हणाले, "पुढचं घ्या, पुढचं."

मी माईक टेबलावर ठेवला आणि त्या दोघींच्या मागून बाहेर पडले. भरल्या कार्यक्रमातून मी अशी कधीच उठले नव्हते. आमच्या धंद्यात हे मोठं पाप मानतात. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पाठीमागून वत्सलाताईंचा आवाज येत होता. त्या स्त्रीशक्तीवर बोलत होत्या.

स्टँडवर आम्ही उसाचा रस प्यालो. देऊळघाटची गाडी लागली तशा दोघी चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "मंगलताई, मला खरंच काही माहीत नव्हतं. मी तेव्हाच उठायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "उठायला हवं होतं." त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलणं मला सहज जमलं असतं, तो माझा धंदाच. पण बोलले नाही.

फोन ठेवला आणि पेपर उघडला. आमच्या एका स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी होती. तीन कर्तृत्ववान वत्सलांचा शानदार सत्कार. आणि खाली शेवटच्या ओळीत: 'वच्छलाबाई आणि संच यांनी सुमधुर स्वागतगीत सादर केले.' सूत्रसंचालनही मीच केलं होतं, 'ओघवत्या शैलीत'.

अशा बातम्या कार्यक्रमाआधीच लिहून पाठवलेल्या असतात, हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी मात्र ती ओळ मी तीनदा वाचली. म्हणजे तिनं नाही म्हटलं तरी ती गायली! भर सभेत उभं राहून सांगितलं, तरी गायली! तिच्या नकाराची दखल घ्यावी इतकीही कोणाला गरज वाटली नव्हती.

मी पेपर घेऊन देऊळघाटला गेले. प्रज्ञानं बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. वच्छलाबाई आधी हसली.

"वा वा! मी न गाता बी सुमधुर गायली!"

मग हसू गेलं. तिनं तो पेपर स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि ती ओळ स्वतः वाचली.

"हे खोटं हाय."

"हो."

"अन् हे खोटं असंच राह्यनार?"

"राहतं, बाई. असंच राहतं."

"काऊन राह्यते?" तिनं विचारलं आणि ती उठली. तिनं चपला घातल्या.

पेपरच्या कार्यालयात एक तरुण उपसंपादक होता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आजी, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेता? चांगलंच तर लिहिलंय तुमच्याबद्दल. सुमधुर."

"चांगलं नको लिवू. खरं लिव. मी गायली नाही, तं गायली नाही असं लिव."

"अहो, पण अशी बातमी कोण छापतं?"

"तू छाप."

तो हसला. ती हसली नाही. चहा आला, तिनं घेतला नाही. आम्ही बसून राहिलो. तो आत गेला, बाहेर आला, आम्ही तिथंच. त्यानं कोणाला तरी फोन केला, पुन्हा समजावून पाहिलं, आम्ही तिथंच. शेवटी त्यानं कागद पुढं ओढला.

"बरं, नाव काय लिहू?"

"वत्सला किसन हिवाळे."

त्यानं लिहिलं. ती म्हणाली, "वाचून दाखव." त्यानं वाचून दाखवलं. मगच ती उठली.

त्यानंतर मला कार्यक्रमांची बोलावणी येणं हळूहळू थांबलं. मंगलताई भडक आहेत, कधी माईक ठेवून जातील सांगता येत नाही, असं शहरभर झालं. नंदकिशोर सर रस्त्यात भेटले की नमस्कार करतात, अगदी पूर्वीसारखा. नव्या मुली आता ते काम करतात आणि छान शेर म्हणतात. मला त्याचा विषाद नाही. एका गोष्टीची चीड मात्र आहे. त्या सभागृहात एवढी माणसं होती, त्यांतल्या बऱ्याच जणांनी मला नंतर एकांतात सांगितलं की झालं ते चुकीचं झालं. एकांतात! माईक माझ्या हातातच होता, कोणालाही दिला असता.

आम्ही कार्यालयात जाऊन आलो त्यानंतर दोन दिवसांनी पेपरात खुलासा आला होता. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, दोन ओळींचा. 'महिला दिनाच्या कार्यक्रमात श्रीमती वत्सला किसन हिवराळे यांनी स्वागतगीत सादर केले नव्हते.'

हिवाळेचं हिवराळे केलं होतं.

मी तो पेपर घेऊन वच्छलाबाईच्या अंगणात उभी राहिले. द्यावा की न द्यावा ते कळेना. तालमीला आलेल्या पोरी वाट बघत होत्या. प्रज्ञानं माझ्या हातातून पेपर घेतला, वाचला आणि कपाळावर हात मारला. वच्छलाबाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेपर घेतला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. हिवराळेपाशी बोट थांबलं.

मला वाटलं, आता तरी ती म्हणेल की जाऊ दे.

"पोरीहो, तुमी सुरू करा, मी आली," ती म्हणाली आणि पायानं चपला शोधू लागली. "चाल वं मंगल. आज तिथं चहा बी पिऊ."